रोह्याची सही, गागोद्याचा प्रश्न

११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि हिंदुस्थानच्या नोटांवर रोह्याच्या माणसाची सही उमटू लागली. नोटेवर चित्र सहाव्या जॉर्ज राजाचं होतं, वचन इंग्रजीत होतं. पण धारकाला इतके रुपये देण्याचं जे वचन नोटेवर असतं ते प्रथमपुरुषी असतं. 'मी' वचन देतो, असं ते म्हणतं, आणि तो 'मी' या वेळी रोह्याच्या कुंडलिका नदीकाठी लहानाचा मोठा झालेला होता. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवरची ही पहिली भारतीय सही. राज्य परकं, राजा परका आणि वचन आपल्या माणसाचं, अशा अवस्थेत या देशाने स्वातंत्र्यापर्यंतची चार वर्षं काढली. हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते या सहीमुळे.

नोटांवर मराठीत लिहिलेलं मी जे वाचलं आहे त्यात बहुधा किंमत असते. कोणत्या अंकाची नोट दुर्मीळ, कोणत्या सहीला किती भाव, कोणती छपाईची चूक लिलावात किती वर जाते. संग्राहकांना त्याचा उपयोग आहे आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी जपल्या नसत्या तर यातल्या कितीतरी नोटा आज पाहायलाही मिळाल्या नसत्या. पण मला नोट वाचायची आहे. ती कुठे छापली, कुणी सही केली, तिच्यावर कोणतं स्थळ आलं आणि त्या स्थळाच्या आजूबाजूचं काय आलं नाही, हे मला विचारायचं आहे. सरकारचं दुसरं कोणतंही छापील पान इतक्या घरांत जात नाही. राज्यघटना विकत आणून वाचावी लागते. नोट आपल्या हातात दिवसातून अनेकदा येते आणि आपण तिच्यावरचा आकडा पाहून ती पुढे देतो.

वाचनाची सुरुवात पेण आणि रोह्यापासून केली आहे. मी या भागातला आहे हे त्याचं एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. भारतीय नोटांच्या इतिहासातला एक फार मोठा माणूस आणि पैशाच्या कल्पनेलाच मुळातून हात घालणारा दुसरा तितकाच मोठा माणूस, हे दोघे या शेजारच्या तालुक्यांचे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६चा, महाडजवळच्या नाते गावी, रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी. घराणं रोह्याचं. १९१२ साली मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला, तिथेही बक्षीस मिळवलं. १९१८ साली लंडनला झालेल्या आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले. मध्य प्रांत व वऱ्हाडात नोकरी केली. वनस्पतिशास्त्र शिकलेला, मेघदूत मराठीत आणणारा हा माणूस देशाच्या चलनाचा प्रमुख झाला तेव्हा महायुद्ध ऐन भरात होतं आणि नोटांची छपाई झपाट्याने वाढत होती. चांदी वाचवण्यासाठी एक रुपयाची आणि दोन रुपयांची नोट युद्धातच आली. जपान्यांनी केलेल्या हुबेहूब नकली नोटांच्या धास्तीने नोटेत सुरक्षा धागा आला आणि राजाचा एका बाजूने दिसणारा चेहरा समोरून दिसू लागला. आज आपण पाचशेची नोट उजेडाकडे धरून जो धागा पाहतो त्याचा आपल्याकडचा जन्म त्या धामधुमीतला आहे.

१९४४च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वुड्सला जगाच्या पैशाची नवी घडी घालण्यासाठी परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक तिथे जन्मली. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते. १२ जानेवारी १९४६ रोजी पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा वटहुकुमाने रद्द झाल्या, तेव्हा गव्हर्नर तेच होते. २०१६च्या नोव्हेंबरातल्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या कितीजणांना ठाऊक असेल की असा प्रसंग देशावर पहिल्यांदा आला तेव्हा बँकेच्या प्रमुखपदी रोह्याचा माणूस होता? पुढे १९५४ साली हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा निघाल्या तेव्हा तेच अर्थमंत्री होते. १९७८च्या जानेवारीत त्याही रद्द झाल्या.

फाळणीचा कागदी पुरावा पाहायचा असेल तर १९४८ सालच्या काही नोटा पाहाव्यात. नव्या पाकिस्तानाजवळ स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. म्हणून ३० जून १९४८पर्यंत रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचं काम पाहत होती. नाशिकला छापलेल्या, सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नोटांवर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' असं वरून छापून त्या १ एप्रिल १९४८पासून तिकडे चालू केल्या. देश तुटला, माणसं मारली गेली, गाड्या भरभरून निर्वासित आले आणि गेले, आणि त्याच वेळी दोन्हीकडच्या पैशाचा कागद, यंत्रं आणि गव्हर्नर एकच होते. त्या एका नोटेसमोर मी फार वेळ थांबलो आहे. पुढे १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ३० जूनला चिंतामणरावांचा कार्यकाळ संपला.

इथून पेणकडे वळतो. पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे जन्मले. चिंतामणरावांपेक्षा चार महिन्यांनी मोठे. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास ते गागोदं सोडून वडिलांकडे बडोद्याला गेले, पुढे गांधीजींकडे गेले आणि विनोबा झाले. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी त्यांना पहिला सत्याग्रही म्हणून निवडलं. हा भाग शाळेच्या पुस्तकात असतो. जो नसतो तो असा, की १९५०-५१च्या सुमाराला पवनारच्या परंधाम आश्रमात विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. आश्रमाने पैशावर जगायचं नाही. देणगी घ्यायची ती श्रमाची. धान्य, भाजी, कापड स्वतःच्या हातांनी. शेती बैलांशिवाय, कुदळ-फावड्याने. पैसा हे श्रमाचं माप म्हणून खोटं आहे, कारण तो छापता येतो आणि त्याचं मोल कुणीतरी दूर बसून बदलू शकतो, आणि त्यामुळे राबणारा माणूस स्वतःच्या घामाचा हिशेबही स्वतः करू शकत नाही, अशी त्यामागची धारणा मला समजते ती.

हा प्रयोग चालू होता तेव्हा देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. १९५१च्या सप्टेंबरात विनोबा पवनारहून दिल्लीला निघाले, पायी. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर नियोजन आयोगाशी बोलायला त्यांना नेहरूंनी बोलावलं होतं. त्याच वर्षीच्या एप्रिलात तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झालेली होती. दोन महिने चालून ते राजघाटावर पोचले आणि तिथे झोपडीत राहून त्यांनी आयोगाच्या लोकांशी चर्चा केली. त्या आयोगाचे एक सदस्य अर्थमंत्री होते. एका बाजूला नोटेवर सही केलेला, देशाच्या तिजोरीची किल्ली हातात असलेला रोह्याचा माणूस. दुसऱ्या बाजूला नोट न शिवता जगून दाखवू पाहणारा पेणचा माणूस. या देशाने पैशाशी कसं वागावं, हा आपल्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षांतला सगळ्यात खोल वाद होता, आणि त्याची दोन्ही टोकं तासा-दीड तासाच्या वाटेवरच्या दोन गावांत रुजलेली होती, असं मला वाटतं.

दोघांना एकमेकांच्या विरोधात उभं करण्याची मात्र माझी इच्छा नाही. १९५८ साली मॅगसेसे पुरस्कार विनोबांना मिळाला, १९५९ साली चिंतामणरावांना. १९८२ साली दोघेही गेले. चिंतामणराव २ ऑक्टोबरला हैदराबादेत, विनोबा १५ नोव्हेंबरला पवनारला. पहिल्या लोकसभेत चिंतामणराव कुलाबा मतदारसंघातून निवडून गेले होते, म्हणजे पेण-रोह्याचे ते खासदारही होते. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. सत्तेची खुर्ची सोडणं आणि पैशाचा व्यवहार सोडणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत हे खरं. पण हातातली मोठी गोष्ट तत्त्वासाठी खाली ठेवता येते, हे दोघांनाही जमलं.

विनोबांचा आक्षेप मी या पुस्तकात सतत जवळ ठेवला आहे. नोटांच्या सौंदर्यावर लिहिताना माणूस हळूहळू त्यांच्या प्रेमात पडतो आणि नोट कुणाकडे आहे, कुणाकडे नाही, हे विसरतो. १९५४ सालची पाच हजारांची नोट घ्या. तिच्यावर गेटवे ऑफ इंडिया होता. मांडव्याच्या धक्क्यावरून मुंबईला जाणारी आपल्या जिल्ह्यातली माणसं त्या कमानीच्या पायऱ्यांशी उतरत आली आहेत, त्यामुळे चित्र आपल्या ओळखीचं. पण ती नोट पेणच्या मिठागरात राबणाऱ्या माणसाने कधी हातात धरली असेल? हजाराच्या नोटेवर तंजावरचं बृहदीश्वर मंदिर होतं. तंजावरला भोसल्यांनी पावणेदोनशे वर्षांच्या आसपास राज्य केलं, मराठीत नाटकं लिहिली, आणि मराठी माणसाला ते सांगणारी नोट सामान्य मराठी माणसापर्यंत पोचायचा मार्गच नव्हता.

छोट्या नोटांचं तसं नाही. १९५०च्या दशकात सगळ्यांच्या हातांत फिरली ती दहाची नोट, आणि तिच्या मागे शिडाचं जहाज होतं. कोकणातल्या माणसाला ते चित्र समजावून सांगावं लागलं नसेल. पेणला अंतोऱ्याचं बंदर होतं, अंबा नदीतून नागोठण्यापर्यंत पडाव येत, कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि चौल. चौलचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात येतो. तांदूळ, मीठ, कौलं, गवत, माणसं, सगळं गलबताने मुंबईला जाई. स्वतंत्र भारताने आपल्या पहिल्यावहिल्या नोटांवर वाघ-सिंहांबरोबर हे जहाज घेतलं, याचं मला फार मोल वाटतं. पुढे रस्ते झाले, खाड्या गाळाने भरल्या, गलबतं गेली. नोटेवरचं जहाज त्यानंतरही बरीच वर्षं चालत राहिलं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या नोटा मला आजच्या नोटांपेक्षा जास्त आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी. दोनाच्या नोटेवर १९७५ साली अवकाशात गेलेला आर्यभट्ट उपग्रह. शंभराच्या एका नोटेवर हिराकुड धरण. कागद कमी प्रतीचा, छपाई आजच्या मानाने साधी, पण देश त्या वेळी काय करत होता हे त्या सांगत. आजच्या नोटांवर वेरूळ, हंपी, कोणार्क, सांची, पाटणची राणीची वाव आणि लाल किल्ला आहे. सगळी स्थळं थोर आहेत, चित्रणही सुंदर आहे. पण त्यांत आज राबणारा माणूस कुठे दिसत नाही. एकट्या मंगळयानाने तेवढं आजचं काम नोटेवर आणलं होतं, आणि ती दोन हजारांची नोट २०२३च्या मेपासून परत घेतली गेली.

सगळ्यांत जास्त पानं मी एका रुपयाच्या नोटेला दिली आहेत. ही नोट रिझर्व्ह बँकेची नसते. ती भारत सरकारची असते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते, वचन नसतं, आणि कायद्याच्या दृष्टीने ती नाण्यासारखीच असते. १९८०च्या दशकातल्या एका रुपयाच्या नोटेमागे समुद्रात पाय रोवून उभं असलेलं एक यंत्र दिसतं. ते सागर सम्राट. जपानमध्ये बांधलेलं हे खोदकामाचं जहाज मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात उभं राहिलं आणि १९७४च्या फेब्रुवारीत तिथे तेल लागलं. बॉम्बे हाय. १९९४ साली एक रुपयाची नोट छापणं बंद झालं, २०१५ साली पुन्हा सुरू झालं, आणि मागचं चित्र पुन्हा सागर सम्राटचंच.

ते चित्र घेऊन समुद्रातून किनाऱ्याकडे या. बॉम्बे हायचं तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून उरणला येतो. उरणच्या वायूतले घटक पुढे नागोठण्याला जातात, रोहा तालुक्यात. तिथे आयपीसीएल या सरकारी कंपनीचा महाराष्ट्र गॅस क्रॅकर प्रकल्प १९९०च्या सुमाराला उभा राहिला. आज तो रिलायन्सकडे आहे. प्लास्टिकचा कच्चा माल तिथे होतो. उरण आणि नागोठणे यांच्या मधल्या वाटेवर पेण. म्हणजे एक रुपयाच्या नोटेवर जे यंत्र दिसतं त्याचं दुसरं टोक आपल्या दाराशी आहे. नागोठण्याच्या आसपासच्या किती घरांचा संसार त्यावर उभा राहिला, किती शेतं त्यात गेली, आणि १९९०च्या नोव्हेंबरात त्या कारखान्यात झालेल्या स्फोटात किती घरांतला कर्ता माणूस गेला, हे त्या चित्रामागे आहे. नोटेने ते सांगावं अशी अपेक्षा नाही. वाचणाऱ्याने मात्र ते ओळखलं पाहिजे. या भागातल्या मुलांना जहाजाचं ते चित्र दाखवून 'हे तुझ्या गावापर्यंत कसं येतं?' असा प्रश्न शाळेत विचारला जावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

नोटांच्या आधीच्या काळाबद्दल थोडंच लिहिलं आहे. आपल्या जिल्ह्यात पैशाचा इतिहास रायगडावरच्या होन आणि शिवराईपासून सांगता येतो, आणि 'श्री राजा शिव छत्रपति' ही देवनागरी अक्षरं तांब्यावर पाहताना आजही अंगावर काटा येतो. पण तो नाण्यांचा विषय, त्याचे जाणकार वेगळे. कागदी चलनाची गोष्ट १८६१च्या कायद्यापासून सुरू होते. त्याआधी बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाख्यांच्या बँका नोटा काढत. १८६१नंतर तो हक्क सरकारने स्वतःकडे घेतला आणि देशाची मंडळं पाडली. नोट ज्या मंडळाची, तिथेच तिचं हक्काने चलन. पेण-रोहा मुंबई मंडळात. पाच रुपयांची नोट १९०३ साली ब्रह्मदेश वगळून देशभर चालू लागली, दहाची १९१० साली, शंभराची १९११ साली. टपालाने पैसे पाठवणारे व्यापारी नोटेचे दोन तुकडे करत, अर्धी आधी पाठवत, ती पोचल्याचं पत्र आलं की उरलेली अर्धी. १९२८ सालापर्यंत नोटा इंग्लंडमध्ये छापून जहाजाने येत. नाशिक रोडला छापखाना आल्यावर ते थांबलं. नाशिकच्या त्या कारखान्याबद्दल आणि तिथल्या कारागिरांबद्दल मराठीत अजून खूप लिहायला हवं.

वीस रुपयांच्या नोटेवरचं वेरूळ मी एका वेगळ्या कारणासाठी सविस्तर घेतलं आहे. कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. रायगडावर ज्यांचा राज्याभिषेक झाला त्या शिवरायांचे आजोबा मालोजीराजे वेरूळचे. पण १९४८पर्यंत वेरूळ निजामाच्या राज्यात होतं आणि निजामाच्या स्वतःच्या नोटा होत्या, १९१८पासून. सुरुवातीला त्या लंडनला छापल्या जात आणि त्यांच्यावर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडही असे. आपल्या आजोबांना रोह्याहून वेरूळला जायचं असतं तर वाटेत पैसे बदलावे लागले असते. दक्षिणेकडेही तेच. कोकण रेल्वेचा मार्ग आज रोह्यापासून सुरू होतो आणि एका दिवसात माणूस मडगावला उतरतो. पण १९६१च्या डिसेंबरपर्यंत तिथली नोट पोर्तुगीज बँकेची होती, आणि शेवटच्या वर्षांत तिच्यावर आफोन्सो द अल्बुकर्क होता, ज्याने १५१० साली गोवा घेतला तो. जिंकणाऱ्याचं चित्र जिंकलेल्यांच्या खिशात साडेचारशे वर्षांनीही राहावं, याचा राग मला ती नोट पाहताना येतो आणि तो मी लपवलेला नाही.

गांधीजी नोटेवर पहिल्यांदा आले ते १९६९ साली, जन्मशताब्दीला. बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्रामची कुटी. म्हणजे महाराष्ट्रातलं एक साधं कुडाचं घर भारताच्या नोटेवर आलं ते तेव्हा. सेवाग्रामपासून पवनार जवळच, आणि विनोबा त्या काळी हयात होते. ज्यांनी पैशावाचून जगण्याचा प्रयोग केला त्यांचे गुरू नोटेवर छापले गेले, आणि १९९६च्या मालिकेपासून तर रिझर्व्ह बँकेच्या प्रत्येक नोटेवर तेच आहेत. आज आपण पाहतो तो हसरा चेहरा १९४६ साली काढलेल्या एका छायाचित्रातला आहे. आधीच्या मालिकेतल्या पाचशेच्या नोटेमागे दांडीयात्रेचं शिल्प होतं. मिठासाठी निघालेली ती यात्रा खाडीकाठच्या मिठागरांतून मीठ उचलणाऱ्या आपल्या लोकांना वेगळ्या अर्थाने कळायला हवी, म्हणून त्या प्रकरणात पेणच्या मिठाबद्दलही लिहिलं आहे.

देशाबाहेरच्या नोटांपैकी दोनच विषय घेतले आहेत. इंडोनेशियाच्या १९९८ सालच्या वीस हजार रुपियाच्या नोटेवर शिक्षणतज्ज्ञ की हजर देवांतारा यांच्या शेजारी गणपती होता. ज्या पेण गावात आणि ज्या हमरापूर-जोह्याच्या पट्ट्यात वर्षभर गणपती घडतात, तिथल्या कारागिरांनी ती मूर्ती पाहावी. सोंडेची ठेवण, बैठक, अंगावरचे दागिने, सगळं जावा बेटाच्या वळणाचं. बहुसंख्य मुसलमान असलेल्या देशाने विद्येचं दैवत म्हणून ती आपल्या चलनावर घेतली होती. ती नोट आता चलनात नाही.

दुसरा विषय मात्र वाचकांच्या मदतीवाचून पुरा होणार नाही. १९५९पर्यंत कुवेत, बहरीन, कतार, ओमान आणि आजच्या अमिरातीच्या भागात भारताचा रुपया चालत असे. त्या वाटेने सोन्याची तस्करी वाढली म्हणून भारत सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने त्या देशांसाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. एकाची आणि दहाची तांबडी, पाचाची नारिंगी, शंभराची हिरवी, आणि क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर. मुंबईहून हजला जाणाऱ्यांसाठी दहाच्या आणि शंभराच्या वेगळ्या नोटा होत्या, त्यांच्यावर 'हज' छापलेलं असे. कुवेतने १९६१ साली आपलं चलन काढलं, बहरीनने १९६५ साली, आणि १९६६च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर ओमान वगळता बाकीच्यांनीही हा रुपया सोडला. रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, मुरुड या भागांतली किती माणसं आखातात गेली आणि हजला गेली, ते इथल्या प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे. तेव्हा ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पासपोर्टात, कुराणाच्या किंवा पोथीच्या पानांत अशी एखादी नोट सापडली तर ती विकण्याआधी तिची दोन्ही बाजूंची छायाचित्रं काढा. आणि त्यासोबत एका कागदावर लिहून ठेवा: ती कुणी आणली, कोणत्या साली, कोणत्या बंदरावरून, आणि तिथे तो माणूस काय काम करत होता. त्या नोटांवरचं प्रकरण मी सध्या पाचच पानांचं ठेवलं आहे.